महात्मा जोतीराव फुले : शाळेच्या दारातून परत फिरलेला मुलगा

जून महिना आला की रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात एकच विषय असतो. मुलाला कोणत्या शाळेत घालायचे? गावातली जिल्हा परिषदेची शाळा बरी, की आश्रमशाळेत ठेवावे, की पोटाला चिमटा घेऊन देवरीला इंग्रजी माध्यमात पाठवावे? पोर हुशार असेल तर नवेगावबांधच्या नवोदयची परीक्षा द्यायला लावावी का? आपल्या चिचगडसारख्या जंगलाकाठच्या गावात आज निदान एवढी नावे तोंडावर येतात. हाच प्रश्न पुण्यातल्या एका फुलमाळ्याच्या घरात सुमारे 190 वर्षांपूर्वी पडला होता, आणि तिथे उत्तर आधी चुकले होते. त्या घरातला मुलगा म्हणजे जोतीराव फुले.

जोतीरावांचा जन्म 1827 चा. घराणे मूळचे सातारा भागातल्या कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पुण्यात फुलांचा व्यवसाय केला म्हणून फुले झाले. आई चिमणाबाई मूल तान्हे असतानाच वारली. वडील गोविंदराव यांनी दुसरे लग्न केले नाही. नात्यातल्या सगुणाबाई या विधवा बाईंनी जोतीला वाढवले. सातव्या वर्षी त्याला मराठी शाळेत घातले आणि तो चांगला शिकतही होता. पण माळ्याच्या मुलाने शिकून काय करायचे, शिकला तर शेतीच्या कामाचा राहणार नाही, असे दुकानातल्या एका कारकुनाने गोविंदरावांच्या मनात भरवले. बापाला ते पटले. पोराच्या हातातली पाटी गेली आणि कुदळ आली. तेराव्या वर्षी नायगावच्या सावित्रीबाईंशी लग्नही झाले. इथेच सारे संपायचे.

ते संपले नाही याचे श्रेय दोन शेजाऱ्यांना आहे. एक उर्दू-फारशीचे शिक्षक गफार बेग मुन्शी आणि दुसरे लिजिट नावाचे ख्रिस्ती गृहस्थ. दिवसभर शेतात राबून रात्री दिव्यापाशी पुस्तक घेऊन बसणारा हा मुलगा त्यांच्या नजरेत भरला. दोघांनी गोविंदरावांकडे खेपा घातल्या, समजूत काढली आणि 1841 मध्ये जोतीरावांना स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल केले. तीन वर्षे वाया गेली होती. मोठ्या वयात लहान पोरांच्या रांगेत बसावे लागले असेल. ही शाळा प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांची होती. जोतीराव पुढे ख्रिस्ती झाले नाहीत, त्यांनी स्वतःची वाट धरली. पण तिथे मिळालेले शिक्षण त्यांनी कधी नाकारले नाही.

1847 मध्ये इंग्रजी शिक्षण पुरे झाले. पुढच्याच वर्षी अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या मिस फरार यांची मुलींची शाळा त्यांनी पाहिली, आणि परत येऊन पुण्यात बुधवार पेठेत भिडे वाड्यात मुलींसाठी शाळा काढली. शिकवायला बाई मिळेना, तेव्हा घरीच शिकवलेल्या सावित्रीबाई पुढे आल्या. गोविंदरावांवर समाजाचे दडपण आले आणि 1849 मध्ये त्यांनी मुलाला व सुनेला घराबाहेर काढले. ज्या बापाने एकदा शाळेतून काढले होते त्यानेच शाळेपायी घरातून काढले! तरी काम थांबले नाही. 1851 मध्ये मुलींच्या आणखी शाळा, 1852 मध्ये वेताळ पेठेत महार-मांग मुलांसाठी शाळा, 1855 मध्ये दिवसा राबणाऱ्या स्त्रीपुरुषांसाठी रात्रशाळा. त्याच साली जोतीरावांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता नावाच्या मांग समाजातल्या मुलीने आपल्या लोकांच्या दुःखावर लिहिलेला निबंध ज्ञानोदयमध्ये छापून आला.

पुढचे बरेच सर्वांना ठाऊक आहे. विधवांसाठी काढलेले बालहत्या प्रतिबंधक गृह, अस्पृश्यांना खुला केलेला घरचा हौद, 1873 मधला सत्यशोधक समाज, ही कामे शाळेतल्या प्रत्येक धड्यात येतात. धड्यात सहसा येत नाही ते 1882 मधले एक निवेदन, आणि मला वाटते आपल्यासारख्या गावासाठी तेच जास्त महत्त्वाचे आहे.

त्या साली सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर आयोग नेमला होता. जोतीरावांनी त्याच्यापुढे लेखी म्हणणे मांडले. त्यांची पहिली तक्रार पैशाची होती. शेतकऱ्याकडून शिक्षणासाठी वेगळी पट्टी वसूल होते, पण ती त्या कामी खर्च होत नाही. सरकारचे लक्ष वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणाकडे आहे, आणि मुंबई इलाख्यातल्या दहापैकी नऊ गावांत, म्हणजे सुमारे 10 लाख मुलांसाठी, प्राथमिक शिक्षणाची काहीच सोय नाही, असे त्यांनी नोंदवले. म्हणून निदान 12 वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी त्यांची मागणी होती.

ते एवढ्यावर थांबले नाहीत. काय शिकवावे तेही त्यांनी लिहिले : मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास, भूगोल, व्याकरण, आरोग्य आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान. खेड्यातल्या शाळेला नमुन्याची शेती जोडावी. मास्तर होता होईल तो शेतकरी समाजातला आणि प्रशिक्षित असावा, त्याला 12 रुपयांपेक्षा कमी पगार नसावा. गरिबांच्या मुलांना शिष्यवृत्त्या व बक्षिसे द्यावीत. तपासनीस वर्षातून एकदा येतो, त्याने आगाऊ न कळवता अधिक वेळा यावे. शेवटची सूचना वाचून आपल्याकडचे मास्तरही हसतील.

एका ठिकाणी मात्र वाचताना थबकायला होते. महार-मांगांची संख्या जिथे पुरेशी आहे तिथे त्यांच्यासाठी वेगळ्या शाळा काढाव्यात, असे त्यांनी म्हटले आहे. जन्मभर जातिभेदाशी भांडलेल्या माणसाने वेगळी शाळा मागावी? पण कारणही तिथेच दिले आहे. इतर मुलांशेजारी त्यांना बसूच देत नाहीत, आणि 5,000 हून अधिक वस्ती असलेल्या या समाजासाठी साऱ्या पुण्यात एकच शाळा, तीत 30 मुलेही येत नाहीत. एकत्र शाळेची वाट पाहण्यात आणखी एक पिढी अडाणी राहिली असती. त्यांनी आधी शाळा मागितली.

सक्तीची मागणी मान्य झाली नाही. 1888 मध्ये मुंबईत लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. त्याच वर्षी अर्धांगाच्या झटक्याने उजवी बाजू लुळी पडली. तेव्हा डाव्या हाताने त्यांनी शेवटचे पुस्तक लिहून काढले. 28 नोव्हेंबर 1890 रोजी त्यांचे निधन झाले. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. देशात 6 ते 14 वयाच्या मुलांसाठी तसा कायदा लागू व्हायला 1 एप्रिल 2010 उजाडला. जोतीरावांच्या निवेदनाला तेव्हा 127 वर्षे होऊन गेली होती.