सॅनिटायझरच्या कितीतरी आधी: हात धुवायला लावणारा डॉक्टर

व्हिएन्नाच्या जनरल हॉस्पिटलात दोन प्रसूती विभाग होते. सुईणींच्या विभागापेक्षा डॉक्टरांच्या विभागात बाळंतिणी जास्त दगावत. का, ते कुणालाच उमगेना. १८४७ मध्ये शवविच्छेदनात सुरी लागून कोलेच्का हा सहकारी गेला, लक्षणं बाळंतज्वराचीच. तेव्हा इग्नाझ सेमेलवाइस यांना उलगडा झाला: डॉक्टर प्रेतं हाताळून थेट बाळंतिणींना तपासत होते, सुईणी नाही!

त्यांनी ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात हात धुणं सक्तीचं केलं. एप्रिलमध्ये १८ टक्के असलेलं मृत्यूंचं प्रमाण जूनमध्ये दोन टक्क्यांच्या आसपास आलं. तरी आपलेच हात दोषी, हे अनेक बड्या डॉक्टरांना पटेना.

१८६५ मध्ये सेमेलवाइसना वेड्यांच्या इस्पितळात डांबलं. दोन आठवड्यांत जखम चिघळून ते गेले. वय ४७.