मास्टर दीनानाथ : स्वर आणि ताळेबंद

इंदूरच्या माणसाला आपल्या गावाविषयी अभिमानाने काही सांगायचे असले, की तो सराफ्यातल्या खाण्याच्या खालोखाल सिख मोहल्ल्याचे नाव घेतो. २८ सप्टेंबर १९२९ रोजी लता मंगेशकरांचा जन्म याच मोहल्ल्यात झाला. त्यांच्या नावाचा पुरस्कार मध्य प्रदेश शासनाने १९८४ साली सुरू केला. लताबाईंविषयी आम्हां विद्यार्थ्यांना बरेच ठाऊक असते. परंतु त्यांचे वडील मास्टर दीनानाथ यांच्याविषयी विचारले तर दोन वाक्यांपलीकडे सांगता येत नाही. मलाही येत नव्हते.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. गाण्यातले मला बेताचेच कळते. आमच्या तिघा मित्रांनी गणेशोत्सवासाठी एक लहानसा वाद्यवृंद काढला आहे. त्यात माझ्याकडे वाजवण्याचे काम नाही, हिशेबाची वही आहे. उसने पैसे आणून ध्वनिक्षेपक घेतले, आणि पहिल्याच वर्षी दोन कार्यक्रम पावसाने बुडाले. पैसे कोणी फेडायचे यावर वाद झाला. त्याच आठवड्यात वर्गात भागीदारीचा कायदा शिकवणे चालू होते. तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांनी मला 'बळवंत संगीत मंडळी'ची गोष्ट वाचायला सांगितली. ती वाचली आणि हा लेख लिहावासा वाटला.

दीनानाथांचा जन्म २९ डिसेंबर १९०० रोजी गोव्यात, फोंडा तालुक्यातील मंगेशी येथे झाला. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. वडील गणेशभट्ट हे मंगेशाच्या देवळात पुजारी होते, तर आई येसूबाई देवळाच्या सेवेत असणाऱ्या कलावंत समाजातल्या. अशा मुलाला वडिलांचे आडनाव मिळण्याचा तो काळ नव्हता. दीनानाथांनी आपल्या गावावरून मंगेशकर हे नाव घेतले. आज ज्या आडनावाला सारा देश ओळखतो, ते असे वारशाने न मिळता स्वतः धारण केलेले आहे. गाणे मात्र आईकडून रक्तातच आले होते. अगदी लहान वयात बाबा माशेलकरांकडे त्यांचे शिक्षण सुरू झाले. पुढे रामकृष्णबुवा वझे यांच्यासारख्या मोठ्या गवयाचा लाभ झाला. आवाज उंच, धारदार आणि अतिशय चपळ; त्यात पंजाबी ढंगाच्या हरकतींची त्यांना विशेष ओढ होती.

१९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे हे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले व त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. किर्लोस्कर मंडळीवर हा मोठाच आघात होता. गाणाऱ्या नटाची जागा रिकामी पडली आणि वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास दीनानाथ त्या मंडळीत आले. स्त्रिया तेव्हा रंगभूमीवर काम करीत नसत. गोरा, देखणा, गोड गळ्याचा मुलगा म्हणजे मंडळीची नायिका! दीनानाथ थोड्याच वर्षांत नावारूपास आले.

१९१८ साली त्यांनी किर्लोस्कर मंडळी सोडली आणि चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह बळवंत संगीत मंडळी स्थापन केली. या तिघांची ओळख करून देणे अगत्याचे आहे. चिंतामणराव हे त्या काळचे नामांकित गद्य नट. पुढे त्यांनी 'बहुरूपी' हे आत्मचरित्र लिहिले, त्याला १९५८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. कृष्णराव हे गाण्याच्या घरातले. चित्रपट अभिनेत्री पद्मिनी कोल्हापुरे ही त्यांची नात. आणि दीनानाथ हे मंडळीचा स्वर. मंडळी निघाली तेव्हा ते अठरा वर्षांचेही पुरते झाले नव्हते. म्हणजे माझ्याहून दोन वर्षांनी लहान!

या नव्या मंडळीच्या पाठीशी राम गणेश गडकरी उभे राहिले. आजारपणात त्यांनी 'भावबंधन' पुरे केले आणि २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूरजवळ सावनेर येथे त्यांचे निधन झाले. नाटक रंगभूमीवर आलेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. 'भावबंधना'त चिंतामणरावांचा घनश्याम आणि दीनानाथांची लतिका या भूमिका इतक्या गाजल्या, की पुढे इंदुरात जन्मलेल्या मुलीचे हेमा हे पहिले नाव मागे पडून लता हे नाव रूढ झाले, त्याचा संबंध या लतिकेशी लावला जातो.

'मानापमाना'त दीनानाथ धैर्यधर झाले. या नाटकाच्या मूळ चाली गोविंदराव टेंब्यांच्या आणि त्या घरोघरी पोचलेल्या. तरीही दीनानाथांनी काही पदे स्वतःच्या चालींत गायिली आणि प्रेक्षकांनी ती उचलून धरली. १९२७ साली वीर वामनराव जोशी यांचे 'रणदुंदुभि' आले. पारतंत्र्याच्या दिवसांत त्यातली तेजस्विनीची पदे दीनानाथांच्या तोंडून ऐकणे म्हणजे नुसते मनोरंजन नव्हते. १९३१ साली मंडळीने सावरकरांचे 'संन्यस्त खड्ग' केले. नाटककार त्या वेळी रत्नागिरीत स्थानबद्ध होते. अशा लेखकाचे नाटक घेणे हा व्यवहाराच्या दृष्टीने धोका होता, तो मंडळीने पत्करला.

आता जरा या 'मंडळी'चा व्यवहार पाहू. तिला लोक कंपनी म्हणत, पण आपण पुस्तकात शिकतो त्या अर्थाने ती कंपनी नव्हे. ती काही मालकांची भागीदारी होती. नट, साथीदार, पडदे रंगवणारे, कपडेपट सांभाळणारे, स्वयंपाकी अशी पुष्कळ माणसे पगारावर असत. सगळ्यांचे जेवणखाण व राहणे मंडळीकडे. गाव बदलले की पडदे, पेट्या, ऑर्गन, भांडीकुंडी सर्व रेल्वेत चढवायचे. खेळ होवो न होवो, रोजचा खर्च चालूच. उत्पन्न मात्र रात्रीच्या खेळाच्या तिकिटांवर. मुख्य नटाचा घसा बसला, साथ आली, पाऊस लागला, की उत्पन्न शून्य आणि खर्च जशाच्या तसा. वाणिज्याच्या भाषेत सांगायचे तर स्थिर खर्च मोठा आणि सारी मिळकत एका माणसाच्या गळ्यावर अवलंबून. शिवाय तोच गळा तीन तास गायला, तरी त्या रात्री एकाच गावातल्या एकाच थिएटरात ऐकू जाणार.

१४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' प्रदर्शित झाला आणि १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला. चित्रपटाचा खर्च एकदाच होतो. नंतर त्याच्या प्रती डब्यात घालून दहा गावी पाठवा, दहाही ठिकाणी एकाच संध्याकाळी तोच नट गातो. त्याला जेवण नको, बिऱ्हाड नको. तिकीट स्वस्त. या हिशेबापुढे संगीत नाटकाचा टिकाव लागणे अवघड होते. बालगंधर्वांची मंडळीही १९३४ अखेर बंद झाली आणि ते स्वतः प्रभातच्या 'धर्मात्मा' चित्रपटात उतरले. तेव्हा दोष एकट्या दीनानाथांचा होता असे म्हणता येत नाही.

बळवंत मंडळीने मग बोलपटाचाच मार्ग धरला. सांगलीस बळवंत पिक्चर्स ही संस्था उभी केली आणि १९३४ साली 'कृष्णार्जुन युद्ध' हा चित्रपट काढला. विश्राम बेडेकर व चिंतामणराव यांचे दिग्दर्शन होते. बेडेकरांचे 'ब्रह्मकुमारी' नाटक मंडळीने १९३३ सालीच केले होते. माणसे गुणी होती, कष्टही थोडे नव्हते. परंतु चित्रपटाचा धंदा नाटकाहून निराळा. नाटकात आज तोटा आला तर उद्याच्या खेळात भरून काढता येतो. चित्रपटात सारे भांडवल आधी ओतावे लागते आणि निकाल एकदमच लागतो. तो निकाल विरुद्ध गेला. मंडळीची घडी विस्कटली. दीनानाथांनी नंतर पुन्हा नाटके करून पाहिली, जलसे केले. १९३८ साली सोलापुरात नऊ वर्षांच्या लताने वडिलांबरोबर रंगमंचावर गायन केले. पण पूर्वीचे दिवस परत आले नाहीत.

माझ्या आजोळी कानडी बोलतात, म्हणून या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांसाठी थोडे लिहितो. मराठी व कानडी रंगभूमी या शेजारणीच आहेत. केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श मंडळी १९०८ साली हुबळीत स्थापन झाली. मल्लिकार्जुन मन्सूर लहानपणी कानडी नाटक कंपनीत गात होते. आणि गुब्बी वीरण्णांची कंपनी तर १८८४ सालची. वीरण्णांनीही चित्रपट काढले. परंतु नाटक कंपनी बंद न करता, एका पायावर भार ठेवून दुसरा पाय पुढे टाकला. त्यांची कंपनी त्यानंतरही कित्येक वर्षे चालली. एकाच वादळात एक नाव तरली व एक बुडाली, याचा अभ्यास आपल्या दोन्ही भाषांतील विद्यार्थ्यांनी मिळून केला पाहिजे.

भागीदारीच्या कायद्यात एक कठोर तत्त्व आहे. संस्थेच्या कर्जाला प्रत्येक भागीदार आपल्या सर्व मालमत्तेनिशी जबाबदार असतो. १९३२ साली या विषयाचा स्वतंत्र कायदा झाला, त्यापूर्वीही तत्त्व हेच होते. म्हणजे नुकसान मंडळीच्या वहीत थांबत नाही. ते घराचा उंबरठा ओलांडते. दीनानाथांच्या बाबतीत तसेच झाले. सांगलीचे वैभव गेले आणि कुटुंब पुण्यास आले. प्रकृती ढासळत गेली. ज्योतिषाचा त्यांना मोठा नाद होता; आकाशातले ग्रह त्यांनी बारकाईने पाहिले, पण व्यवहाराच्या वहीकडे तितक्या बारकाईने पाहणारे कोणी त्यांच्याजवळ उरले नव्हते. २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे एकेचाळीस. मागे पत्नी आणि पाच मुले : लता, मीना, आशा, उषा आणि साडेचार वर्षांचा हृदयनाथ.

लता तेव्हा तेराव्या वर्षात होती. मास्टर विनायक यांच्या साहाय्याने तिला चित्रपटात काम मिळाले आणि त्याच वर्षी 'पहिली मंगळागौर'मध्ये ती पडद्यावर दिसली. अभिनयाची तिला आवड नव्हती. घर चालवायचे होते, म्हणून तोंडाला रंग लावावा लागला. पुढचा इतिहास सर्वांना माहीत आहे, आणि तो इतका झगझगीत आहे की त्याच्या प्रकाशात ही गोष्ट आपल्याला दिसेनाशी होते. कलावंताला पैशाची पर्वा नसते, असे आपण कौतुकाने म्हणतो. मला ते वाक्य आता जड जाते. वडिलांनी जी पर्वा केली नाही, ती एका लहान मुलीला करावी लागली. तिचा गळा असामान्य होता म्हणून हे सारे निभावले. नाटक मंडळ्या बुडाल्या तेव्हा किती घरांत असा गळा नसेल!

तरीही शेवटी हिशेब मांडताना एक रक्कम कोठे लिहावी ते कळत नाही. ताळेबंदात नावलौकिकाला किंमत असते, असे आम्ही शिकतो. पण संस्था बुडाली की ती किंमत शून्य धरतात. बळवंत मंडळीचे पडदे, पेट्या, कपडेपट सर्व गेले. राहिले ते मुलांना कानी पडलेले गाणे. दीनानाथांनी लताला तंबोऱ्यासमोर बसवून शिकवले होते, आणि ते कर्ज वसूल करायला येणाऱ्या कोणालाही उचलून नेता आले नाही. त्यांच्या गाण्याच्या थोड्या जुन्या तबकड्या आहेत, एकेका बाजूला तीनचार मिनिटांच्या. त्या ऐकल्या तर आवाजातला वेग आणि तेज आजही अंगावर काटा आणते.

आमच्या वाद्यवृंदापुरते सांगायचे, तर आम्ही तिघांनी आता कागदावर करार केला आहे, आणि पुढच्या वर्षाच्या मिळकतीतला चौथा हिस्सा आधी बाजूला काढायचा असे ठरले आहे. गाणारा मित्र हसला. पण त्याने सही केली. मास्टर दीनानाथांची तसबीर सरावाच्या खोलीत लावली आहे. तिच्याच खाली खिळ्याला हिशेबाची वही टांगलेली असते.

— वाणिज्य शाखा, द्वितीय वर्ष