वालाची उसळ, नीरा आणि कमला सोहोनी

दुर्गाबाई भागवत कोण, हे इंदूरच्या मराठी माणसाला सांगावं लागत नाही. ‘ऋतुचक्र’, ‘व्यासपर्व’, १९७५ चं कराडचं साहित्य संमेलन, आणीबाणीतली त्यांची ठाम भूमिका, हे सगळं आपल्याकडे पुन्हापुन्हा बोललं जातं. १९१० मध्ये त्यांचा जन्म इथे इंदूरला झाला. पुढच्याच वर्षी, १८ जून १९११ ला, त्याच घरात धाकटी बहीण आली, कमला. तिच्याबद्दल मात्र आपण फारसं बोलत नाही. वास्तविक आपण रोज काय खातो आणि त्यातलं अंगी किती लागतं, या प्रश्नावर तिनं उभं आयुष्य घालवलं.

भागवतांच्या घरात रसायनशास्त्र नवीन नव्हतं. वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघंही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमधून शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. म्हणून मुंबई विद्यापीठाची बी.एससी. परीक्षा पहिल्या क्रमांकानं पास झाल्यावर कमलानं १९३३ मध्ये त्याच संस्थेत अर्ज केला, यात नवल काहीच नव्हतं. नवल पुढे घडलं. नोबेल विजेते सी. व्ही. रामन तेव्हा तिथे संचालक होते. मुलगी संशोधन करू शकणार नाही, असं ठरवून त्यांनी अर्ज फेटाळला.

कमला गप्प घरी बसली नाही. थेट बंगळूर गाठून रामन यांच्या दाराशी सत्याग्रहच मांडला. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीअपरात्रीसुद्धा काम करायचं, आणि प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडवायचं नाही, म्हणजे पुरुष विद्यार्थ्यांचं लक्ष विचलित करायचं नाही. या शेवटच्या अटीचा अपमान त्यांना पुढे कायम सलत राहिला. रामन मोठे शास्त्रज्ञ होतेच, पण या बाबतीत ते सरळ सरळ चुकले, एवढं म्हणायला हरकत नसावी. वर्ष संपल्यावर तिचं काम पाहून त्यांनीही मत बदललं आणि त्यानंतर संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला.

श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली कमलानं विषय निवडला तो दूध आणि डाळींतल्या प्रथिनांचा. ज्या देशात बहुसंख्य लोकांना मांस-अंडी मिळत नाहीत किंवा चालत नाहीत, तिथे प्रथिनं येणार कुठून? डाळीतून. मग त्या डाळीत नेमकं काय आहे, हे कुणीतरी बघायलाच हवं होतं.

१९३७ मध्ये ती केंब्रिजला गेली, सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या विभागात. आहारशास्त्र शिकणाऱ्यासाठी त्या काळी ही काशीच. शुद्ध केलेली प्रथिनं, स्टार्च, साखर, चरबी आणि क्षार एवढंच खायला घातलं तर उंदरांची वाढ थांबते, आणि त्यात रोज थोडंसं दूध घातलं की ती पुन्हा सुरू होते, हे हॉपकिन्स यांनी १९१२ मध्ये दाखवून दिलं होतं. दुधातल्या त्या ‘थोडंसं काहीतरी’लाच पुढे जीवनसत्त्वं म्हणू लागले. कमलानं तिथे रॉबिन हिल यांच्याबरोबर बटाट्यावर काम केलं आणि प्राण्यांप्रमाणेच वनस्पतींच्या पेशींमध्येही श्वसनासाठी लागणारं सायटोक्रोम-सी असतं, हे शोधलं. प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा, काम चौदा महिन्यांचं, आणि १९३९ मध्ये पीएच.डी. हातात! विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री असा त्यांचा उल्लेख होतो. जानकी अम्मल यांनी १९३१ मध्येच मिशिगनहून डी.एससी. घेतली होती, तेव्हा ‘पहिली’ या शब्दावरून भांडण्यात अर्थ नाही.

तिकडे राहता आलं असतं, पण त्या परतल्या. आधी दिल्लीच्या लेडी हार्डिंज मेडिकल कॉलेजात जीवरसायन विभागप्रमुख, मग निलगिरीत कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत सहायक संचालक. रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी उभी केलेली ही प्रयोगशाळा. वेगवेगळ्या प्रांतांतली माणसं जे खातात तेच उंदरांना खाऊ घालून कुणाची तब्येत कशी राहते, हे त्यांनी इथे तपासलं होतं. पॉलिश केलेल्या तांदळावर जगणाऱ्यांना बेरीबेरी का होतो, हा दक्षिणेत तेव्हा जिवंत प्रश्न होता. कमलाबाईंनी इथे जीवनसत्त्वांच्या परिणामांवर काम केलं. (हीच प्रयोगशाळा पुढे हैदराबादला गेली. आजची राष्ट्रीय पोषण संस्था ती हीच.)

१९४७ मध्ये त्यांचं लग्न झालं. पती सोहोनी हे विमागणिती. कमलाबाई मुंबईला आल्या आणि इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. माझ्या मते त्यांचं सर्वांत महत्त्वाचं काम इथलं, आणि ते आपल्या स्वयंपाकघराशी जोडलेलं आहे.

वाल घ्या. पुणेरी घरात डाळिंब्यांची उसळ, कोकणात बिरडं. आधी भिजवायचे, मोड आणायचे, एकेक सोलायचा, मग शिजवायचे. एवढा खटाटोप कशाला, असं सोलणाऱ्याला हमखास वाटतं. आता आतली गोष्ट बघा. आपल्या स्वादुपिंडातून ट्रिप्सिन नावाचा पाचक रस येतो, तो प्रथिनांचे तुकडे करतो. पण कच्च्या कडधान्यांत असा एक पदार्थ असतो, जो या ट्रिप्सिनलाच जाऊन चिकटतो आणि त्याचं काम बंद पाडतो. म्हणजे डाळीत प्रथिनं भरपूर, पण कच्ची खाल्ली तर पचनातच अडथळा. कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी भारतीय अन्नधान्यांमध्ये हे अवरोधक शोधले. १९५५ मध्ये वाल आणि डबल बी यांतून ते स्फटिकरूपात वेगळे काढले आणि ते काम ‘नेचर’मध्ये छापून आलं. हे अवरोधक स्वतःही प्रथिनंच असल्यानं नीट शिजवल्यावर बहुतेक निकामी होतात. म्हणून कोष्टकात अमुक डाळीत इतकी टक्के प्रथिनं असं वाचलं, तरी ती अंगी लागणं हे आपण ती डाळ कशी शिजवतो यावरसुद्धा ठरतं.

दुर्गाबाईंना तर हाच धडा फार महागात पडला होता. मध्य प्रदेशात आदिवासींमध्ये अभ्यास करत असताना विषारी सुरण खाण्यात आला आणि त्या कित्येक वर्षं अंथरुणाला खिळून राहिल्या. पुढे त्यांनीच ‘खमंग’ हे पाककृतींचं पुस्तक लिहिलं. एक बहीण खाद्यसंस्कृती लिहिणारी, दुसरी त्याच अन्नाचं रसायन तपासणारी!

नीरेचं काम राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून सुरू झालं. ताडा-माडाचा ताजा गोड रस म्हणजे नीरा. ऊन चढलं की ती आंबते आणि ताडी होते. कमलाबाईंच्या गटाला नीरेत अ आणि क जीवनसत्त्वं आणि लोह आढळलं, आणि नीरा आटवून केलेल्या गुळातही ते टिकतं असं दिसलं. मग त्यांनी ती कुपोषित आदिवासी मुलामुलींना आणि गरोदर बायांना देऊन पाहिली, आणि त्यांची प्रकृती सुधारली. याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आता नीरेत साखरही बरीच असते, तेव्हा मधुमेह असलेल्या काकांनी हे वाचून नीरेचा ग्लास उचलू नये. प्रश्न कुपोषितांचा होता. जे झाड त्यांच्या दारात उभं आहे, जे विकत आणावं लागत नाही, त्यातून त्यांना काय मिळेल, हे त्या पाहत होत्या. आज महागड्या डब्यांतली प्रोटीन पावडर घुसळून पिणाऱ्या आपल्या पिढीला ही विचार करायची पद्धत जरा उलटी वाटेल.

आरे दूध प्रकल्पालाही दर्जा सुधारण्यासाठी त्यांनी सल्ला दिला. इकडे स्वतःच्या संस्थेत मात्र त्यांच्या हक्काचं संचालकपद चार वर्षं लांबवलं गेलं. बंगळूरची अट जाऊन दोन दशकांहून जास्त काळ लोटला होता, अडवणूक तीच. शेवटी त्या संचालक झाल्या.

पुढच्या काळात त्या मुंबईच्या ग्राहक मार्गदर्शक संस्थेत रमल्या. १९८२-८३ मध्ये तिच्या अध्यक्ष होत्या, आणि संस्थेच्या ‘कीमत’ मासिकात ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लिहीत असत.

बाहेरच्या जगाला त्यांची आठवण फार उशिरा झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या प्रमुख डॉ. सत्यवती यांना त्यांचं काम कळलं आणि त्यांनी दिल्लीत सत्कार ठरवला. कमलाबाई तेव्हा ऐंशी ओलांडलेल्या. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात, १९९८ मध्ये, गेल्या. दुर्गाबाई त्यानंतर आणखी चार वर्षं होत्या.