डाव्या हाताचा नेमबाज : कारोय टाकाच



एखादे काम अगदी सोपे असले की मराठीत आपण त्याला डाव्या हातचा मळ म्हणतो. इंदुरात वाढलेली आपली मुले त्यालाच बायें हाथ का खेल म्हणतात. पण एका माणसाने खरोखरच डाव्या हाताने खेळ करून ऑलिंपिकची दोन सुवर्णपदके मिळवली, आणि ते मुळीच सोपे नव्हते. हा माणूस म्हणजे हंगेरीचा पिस्तूल नेमबाज कारोय टाकाच. इंग्रजी स्पेलिंगवरून आपल्याकडे कॅरोली टॅकॅक्स असे वाचतात आणि व्हॉट्सॲपवरच्या मजकुरातही हेच नाव असते. त्यांच्या भाषेतला उच्चार मात्र कारोय टाकाच असा आहे.

तो मजकूर तुमच्यापैकी बहुतेकांनी वाचला असेल. उजवा हात गेला, हिंमत हरला नाही, डाव्या हाताने शिकला आणि जग जिंकले, अशी चार ओळींची गोष्ट. गोष्ट खरी आहे, पण चार ओळींत तिचा महत्त्वाचा भाग सुटतो. म्हणून हे चरित्र जरा सविस्तर सांगावेसे वाटले.

टाकाच यांचा जन्म २१ जानेवारी १९१० रोजी बुडापेस्टचा. तरुणपणी ते हंगेरीच्या सैन्यात भरती झाले आणि सार्जंटच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले. पिस्तुलाच्या नेमबाजीत त्यांचे नाव देशातल्या उत्तम नेमबाजांमध्ये घेतले जाऊ लागले. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिक आले. टाकाच तेव्हा २६ वर्षांचे होते, नेम तयार होता, पण संघात त्यांची निवड झाली नाही. हंगेरीच्या सैन्यातला नियम असा होता की अशा स्पर्धेला फक्त कमिशन मिळालेले अधिकारीच जातील. सार्जंट त्यात बसत नव्हता. नोकरीत ज्यांनी आयुष्य काढले आहे त्यांना हे दुःख समजावून सांगावे लागणार नाही. काम येते, पण ग्रेड आड येते!

पुढे तो नियम मागे घेतला गेला. १९४० चे ऑलिंपिक समोर होते आणि टाकाच तयारीला लागले. १९३८ साली लष्करी सरावात एक सदोष हातबाँब त्यांच्या उजव्या हातातच फुटला. हाताच्या चिंधड्या झाल्या. ज्या हाताने वर्षानुवर्षे नेम धरला तोच गेला. महिनाभर ते रुग्णालयात होते.

आता गेले म्हणजे नेमके काय गेले, हे कळायला पिस्तूल नेमबाजी थोडी समजून घ्यावी लागेल.

पिस्तुलाच्या नळीवर पुढे एक माशी असते आणि मागे एक खाच. खाचेच्या बरोबर मध्ये माशी दिसली पाहिजे आणि दोन्हींची वरची कड एका रेषेत आली पाहिजे. माशी आणि खाच यांत २० सेंटिमीटर अंतर आहे असे धरा. आता हिशेबाच्या माणसाला आवडेल असे साधे त्रैराशिक मांडू. माशी खाचेत फक्त १ मिलिमीटर सरकली, तर गोळी १० मीटरवर ५ सेंटिमीटर चुकते, २५ मीटरवर साडेबारा सेंटिमीटर आणि ५० मीटरवर २५ सेंटिमीटर. आजच्या नियमांप्रमाणे १० मीटरच्या एअर पिस्तुलात दहा गुणांचे वर्तुळ अवघे साडेअकरा मिलिमीटर व्यासाचे असते, म्हणजे शर्टाच्या गुंडीएवढे. ५० मीटरवर तेच वर्तुळ ५ सेंटिमीटरचे असते. अंतर वाढले की लक्ष्य मोठे होते, पण चूक त्याहून वेगाने मोठी होते. मनगटातला केसभर कंप तिथे लपत नाही.

रायफलला खांद्याचा आधार असतो. ऑलिंपिकच्या पिस्तूल स्पर्धेत मात्र हत्यार एकाच हाताने, हात लांब करून, कसल्याही आधाराशिवाय धरायचे असते. म्हणजे सगळा भार एक खांदा, एक मनगट आणि एका बोटावर. घोडा दाबताना ते बोट सरळ मागे आले पाहिजे आणि बाकीच्या चार बोटांना त्याची खबरही लागता कामा नये. ही सवय हजारो वेळा तीच क्रिया केल्यावर अंगी येते.

टाकाच ज्या प्रकारात खेळत तो तर आणखी अवघड, रॅपिड फायर पिस्तूल. अंतर २५ मीटर. त्या काळी समोर माणसाच्या आकाराची पाच लक्ष्ये ओळीने उभी असत. नेमबाजाने हात खाली तिरका ठेवून थांबायचे. लक्ष्ये आधी कडेने उभी असतात, मग एकदम समोर वळतात. त्या क्षणी हात उचलून पाचही लक्ष्यांवर एकेक गोळी झाडायची. आधी ८ सेकंदांत, मग ६ आणि शेवटी फक्त ४ सेकंदांत. ४ सेकंदांत हात उचलणे आले, पाच वेळा नेम धरणे आले आणि प्रत्येक झटक्यानंतर हात पुन्हा स्थिर करून पुढच्या लक्ष्याकडे नेणे आले. एका गोळीच्या वाट्याला एक सेकंदही येत नाही. विचार करायला वेळच नसतो. शरीराला जे ठाऊक असेल तेवढेच होते.

आणि टाकाच यांच्या शरीराला जे ठाऊक होते ते उजव्या हाताला ठाऊक होते.

रुग्णालयातून आल्यावर त्यांनी कोणाला न सांगता डाव्या हाताने सराव सुरू केला. पायांची ठेवण उलटी, खांदा उलटा, मानेचे वळण उलटे. आपण डाव्या हाताने सही करून पाहिली तरी कल्पना येईल. अक्षरे ओळखीची असतात, पण हात ऐकत नाही. तरी दोन गोष्टी त्यांच्याकडे शाबूत होत्या. एक म्हणजे चांगला नेम कसा दिसतो आणि चांगला घोडा कसा दाबला जातो, याचे ज्ञान. नवशिक्याला आपली चूकच कळत नाही. त्यांना प्रत्येक चूक कळत होती. दुसरी म्हणजे हा खेळ एका हाताचाच होता. दुसऱ्या हाताची गरज असलेल्या एखाद्या खेळात ते असते तर कदाचित दार कायमचे बंद झाले असते. टाकाच यांची जिद्द मोठी होतीच, पण ती लावायला नेमकी जागा त्यांनी निवडली, हेही ध्यानात घ्यावे.

१९३९ च्या वसंतात हंगेरीच्या राष्ट्रीय स्पर्धेत ते दिसले तेव्हा इतर नेमबाज त्यांचे सांत्वन करायला पुढे आले. सगळ्यांना वाटले की जुन्या मित्रांचा खेळ पाहायला आले असतील. टाकाच खेळायलाच आले होते आणि ती स्पर्धा त्यांनी जिंकली. त्याच वर्षी जागतिक स्पर्धेत पिस्तुलाचे सांघिक विजेतेपद मिळवणाऱ्या हंगेरीच्या संघातही ते होते.

व्हॉट्सॲपवरचा मजकूर इथून एकदम सुवर्णपदकावर उडी मारतो. मधली नऊ वर्षे त्यात नसतात.

१९३९ च्या सप्टेंबरात युरोपात महायुद्ध पेटले. १९४० चे ऑलिंपिक रद्द झाले. १९४४ चेही रद्द झाले. युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात खुद्द बुडापेस्टला वेढा पडला आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये शहर पडले तेव्हा त्याचे मोठे भाग उद्ध्वस्त झाले होते. डावा हात तयार झाला होता, पण तो दाखवायला जागाच उरली नव्हती. पुढची स्पर्धा होईल की नाही आणि झाली तर आपण त्या वयात टिकू की नाही, हे कोणालाच माहीत नव्हते. अपघातानंतरचे वर्ष कठीण होते यात शंका नाही, पण माझ्या मते ही नऊ वर्षे अधिक कठीण असावीत. संकट समोर असले की माणूस कंबर कसतो. काहीच घडत नसताना रोजचा सराव चालू ठेवणे हे वेगळ्याच धीराचे काम आहे.

अखेर १९४८ साली लंडन ऑलिंपिक भरले. आपल्या हॉकी संघाने स्वतंत्र भारताचे पहिले सुवर्ण जिंकले तेच हे ऑलिंपिक. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधवही तिथे कुस्ती खेळले आणि सहावे आले. नेमबाजीच्या स्पर्धा बिस्ले इथे झाल्या. टाकाच ३८ वर्षांचे होते. अर्जेंटिनाचे कार्लोस साएन्स व्हालिएन्ते हे त्या वेळचे जगज्जेते. नेमबाजांमध्ये एक आठवण नेहमी सांगितली जाते. स्पर्धेआधी व्हालिएन्ते यांनी टाकाचना विचारले की आपण इथे कशासाठी आलात, तेव्हा टाकाच यांनी शांतपणे सांगितले की शिकायला आलो आहे. नंतर ६० गोळ्यांत ६०० पैकी ५८० गुण करून टाकाच यांनी नवा विश्वविक्रम केला. व्हालिएन्ते ५७१ गुणांवर दुसरे आले आणि पदक घेताना त्यांनी मोकळेपणाने मान्य केले की आपण पुरेसे शिकलात.

योगायोग पाहा. २९ जुलै १९४८ रोजी लंडन ऑलिंपिकचे उद्घाटन झाले, त्याच दिवशी इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमान यांनी युद्धात जायबंदी झालेल्या १६ जणांची धनुर्विद्येची स्पर्धा भरवली. आजच्या पॅरालिंपिकचे मूळ तेच. टाकाच खेळत होते तेव्हा अपंगांसाठी वेगळे ऑलिंपिक नव्हतेच. त्यांना सवलत नव्हती आणि त्यांनी ती मागितलीही नाही. अपंगत्व असूनही ऑलिंपिकमध्ये खेळणारे ते पहिले मात्र नव्हेत. १९०४ मध्ये लाकडी पायाचे अमेरिकन जिम्नॅस्ट जॉर्ज आयसर यांनी सहा पदके मिळवली होती आणि हंगेरीचेच वॉटरपोलोपटू ऑलिव्हेर हालाशी, ज्यांचा एक पाय गुडघ्याखाली नव्हता, १९३२ व १९३६ च्या सुवर्णविजेत्या संघांत होते.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये टाकाच पुन्हा उतरले. वय ४२. या वेळी त्यांचे गुण ५७९. दुसरा आला तो १७ वर्षांचा सिलार्ड कुन, गुण ५७८. हा मुलगा त्यांचाच शिष्य. रुमानियाचे लिखियार्दोपोल यांचेही ५७८ गुण झाले आणि त्यांना कांस्यपदक मिळाले. गुरू आणि शिष्य यांच्यात एका गुणाचे अंतर, आणि दोघांनाही पदक. या प्रकारात ऑलिंपिक सुवर्ण पुन्हा जिंकणारे टाकाच हे पहिले नेमबाज. याच हेलसिंकीत खाशाबांनी कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणले. लंडनमध्ये हुकलेले चार वर्षांनी मिळवण्याची गोष्ट आपल्याकडेही घडली होती.

१९५६ मध्ये मेलबर्नला टाकाच आठवे आले. तेव्हा ते ४६ वर्षांचे होते आणि काही आठवड्यांपूर्वीच बुडापेस्टच्या रस्त्यांवर सोव्हिएत रणगाडे फिरले होते. पुढे त्यांनी अनेक नेमबाज घडवले. राष्ट्रीय विजेतेपदे त्यांनी एकूण ३५ मिळवली. ज्या सैन्यात सार्जंट म्हणून ऑलिंपिक नाकारले गेले, त्याच सैन्यातून ते लेफ्टनंट कर्नल होऊन निवृत्त झाले. ५ जानेवारी १९७६ रोजी बुडापेस्टमध्ये त्यांचे निधन झाले.

आपल्या भागाशीही या खेळाचे नाते आहे. इंदूरजवळच्या महूला सैन्याचे मार्क्समनशिप युनिट आहे. तिथे तयार झालेले विजय कुमार यांनी २०१२ साली लंडनमध्येच, याच २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल प्रकारात भारताला रौप्यपदक मिळवून दिले. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकले.

शेवटी एक विनंती. आपल्या मंडळात आजारपणातून उठलेली, अर्धांगाचा झटका येऊन गेलेली ज्येष्ठ मंडळी आहेत. त्यांना टाकाच यांची चार ओळींची गोष्ट पाठवली जाते आणि ऐकणाऱ्याला वाटते की आपणच प्रयत्नांत कमी पडतो आहोत. तसे करू नये. टाकाच यांच्या पाठीशी वर्षांचे ज्ञान होते, बाकी शरीर धडधाकट होते आणि खेळ एका हाताचा होता. प्रत्येकाला हे मिळत नाही. गोष्ट सांगायचीच असेल तर पूर्ण सांगावी. त्यांनी गेलेल्या हाताचा शोक बाजूला ठेवून, उरलेल्या हाताला काय शिकवता येईल ते शोधले, कोणी बघत नसताना शिकवले, आणि मग नऊ वर्षे वाट पाहिली. यातले शोधण्याचे काम आजारी माणसाबरोबर बसून आपल्यालाही करता येते. फॉरवर्ड करण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.