काट्याकुट्यांत पीएचडी!

सोनगीरच्या किल्ल्यावर पावसाळ्यानंतर जाऊन या. खाली उतरल्यावर पँट बघा: कुसळं, गोखरू, काय काय चिकटलेलं असतं. वाटेवर बोर, हेकळ, तरवड. आपण त्याला ‘झुडपं’ म्हणून मोकळे होतो. मालवणच्या एका माणसाने मात्र अशाच माळरानी वनस्पतींवर थेट बर्लिनमध्ये पीएचडी केली.

शंकर पुरुषोत्तम आघारकर. समाजसुधारक आगरकर आठवले ना? सगळ्यांचाच गोंधळ होतो. त्यात पुण्यातली आघारकर संशोधन संस्था नेमकी गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावर!

जन्म १८८४चा. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवत असताना त्यांना सह्याद्रीतल्या नदीत चक्क गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला. पुढे कलकत्ता विद्यापीठाने प्राध्यापक म्हणून नेमलं आणि १९१४ साली अभ्यासासाठी जर्मनीला पाठवलं. तिथे पोचतात न पोचतात तोच महायुद्ध पेटलं. ब्रिटिश प्रजा म्हणजे शत्रू, म्हणून स्थानबद्धता. तिशीतल्या माणसाची ऐन उमेदीची वर्षं! पण गडी परत फिरला नाही. अ‍ॅडॉल्फ एंग्लर या नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञाकडे प्रबंध पुरा केला. तो १९२० साली छापला गेला.

विषय काय? वायव्य भारतातल्या कोरड्या, खारट जमिनीवरच्या वनस्पती कशा पसरतात आणि मुळात आल्या कुठून.

प्रश्न साधा वाटतो, पण आपल्याच माळावर बघा. रुईची म्हातारी वाऱ्यावर उडते. गोखरू जनावराच्या पायातून गाव बदलतं. बोराची आठळी कोल्ह्याच्या पोटातून प्रवास करते. तरवडाच्या बियांचं कवच तर इतकं टणक, की रोपं करणारे त्यावर गरम पाणी ओतून रात्रभर भिजवतात आणि मृग लागला की जागेवरच टोकतात. आपण काय करतो? एनएसएसच्या शिबिरात हाच तरवड उपटून खड्डा खणतो, गुलमोहर लावतो, फोटो काढतो. उन्हाळ्यात तिथे नुसता खड्डा उरतो.

आघारकर १९४६ साली कलकत्त्याहून निवृत्त झाले. वय बासष्ट. आराम करायचं सोडून पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी केली आणि १९६०मध्ये जाईपर्यंत तिचंच काम बघितलं. तिच्या संशोधन संस्थेला १९९२ साली त्यांचं नाव मिळालं. वाळवून, नाव-गाव लिहून ठेवलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह आजही तिथे आहे.