डॉ. मेबल आरोळे आणि आरोग्याचे अर्थशास्त्र

अर्थशास्त्राच्या वर्गात टंचाई ही संकल्पना शिकविताना आम्ही जमीन, भांडवल, कुशल श्रम अशी उदाहरणे देतो. ग्रामीण भागात डॉक्टरांची टंचाई आहे, हे वाक्यही त्याच चालीवर गेली अनेक दशके उच्चारले जात आहे. ही टंचाई खरी आहे, यात शंका नाही. परंतु ती डॉक्टरांची आहे की त्यांच्यापाशी अडकून पडलेल्या ज्ञानाची, असा प्रश्न विचारून ज्यांनी त्याचे उत्तर जामखेडसारख्या अवर्षणग्रस्त तालुक्यात आयुष्य वेचून शोधले, त्या डॉ. मेबल आरोळे यांना जाऊन पाव शतक उलटले आहे.

मेबल यांचा जन्म 1935 सालचा, जबलपूरचा. वडील तेथील धर्मशास्त्र महाविद्यालयात प्राध्यापक होते. वैद्यकीय शिक्षणासाठी त्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात गेल्या. तेथेच त्यांची आणि नगर जिल्ह्यातील सुपे गावच्या रजनीकांत आरोळे यांची गाठ पडली. 1960 साली विवाह करताना, आपले आयुष्य खेड्यातील गोरगरिबांच्या सेवेत घालवावयाचे, असा निश्चय उभयतांनी केला. अशा शिक्षितांना शहरात सुस्थिती आणि प्रतिष्ठा सहज लाभली असती, हे लक्षात घेतले म्हणजे या निश्चयाची किंमत कळते.

नेवासे तालुक्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात त्यांनी काही वर्षे काम केले. रुग्ण बरा होऊन घरी जाई आणि काही महिन्यांनी त्याच व्याधीने परत येई. दूषित पाणी, अपुरे अन्न आणि अज्ञान ही कारणे गावातच राहत होती. रुग्णालयाच्या खाटा कितीही वाढविल्या तरी हा ओघ थांबणार नाही, हे या दांपत्याला उमगले. पुढे अमेरिकेत वैद्यकाचे उच्च शिक्षण आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून ते परतले, आणि 1970 साली जामखेडला त्यांचा सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू झाला. त्या वेळी तेथील अर्भकमृत्यूचे प्रमाण दर हजारी 176 इतके भयावह होते. पाठोपाठ 1972 चा दुष्काळ आला. त्यामुळे औषधाच्या आधी पिण्याचे पाणी आणि मुलांच्या पोटात अन्न, हा क्रम परिस्थितीनेच ठरवून दिला.

आरंभी शिकलेल्या परिचारिकांना खेड्यात पाठविण्याचा प्रयत्न झाला. परक्या गावी एकटीने राहणे त्यांना जड जाई, आणि गावालाही त्या परक्याच वाटत. तेव्हा गावातीलच एक स्त्री गावाने निवडावी आणि तिला आरोग्यसेविका म्हणून शिकवावे, असा मार्ग निघाला. या स्त्रियांपैकी बहुतेक निरक्षर होत्या. कित्येक दलित होत्या, काही परित्यक्ता वा विधवा होत्या. दर आठवड्याला जामखेडला येऊन एकत्र राहावे, एकत्र जेवावे आणि शिकावे, असा त्यांचा क्रम असे. गर्भवतीची तपासणी, स्वच्छ बाळंतपण, मुलांचे वजन, अतिसारात साखर-मिठाचे पाणी, कुष्ठरोगाच्या चट्ट्याची पारख हे सारे त्या शिकल्या. मात्र मेबल यांनी त्यांना दिलेली खरी वस्तू आत्मविश्वास ही होती. ज्या स्त्रीला घरात बोलण्याची मुभा नव्हती, तिचे म्हणणे सारे गाव ऐकू लागले. यांपैकीच एका आरोग्यसेविकेने 1988 साली वॉशिंग्टनच्या परिषदेत विद्वानांसमोर उभे राहून आपल्या कामाचा अर्थ उलगडून सांगितला.

या कामाचे फळ आकड्यांतही दिसले. 1990 नंतरच्या दशकात प्रकल्पाच्या गावांतील अर्भकमृत्यूचे प्रमाण दर हजारी तिशीच्या आत आले. 1975 साली जागतिक आरोग्य संघटनेने या प्रयोगाची दखल आपल्या ग्रंथात घेतली, तर 1978 च्या अल्मा-आटा परिषदेतून पुढे आलेल्या प्राथमिक आरोग्याच्या विचाराला ज्या थोड्या प्रयोगांचा आधार होता, त्यांत जामखेड होते. दांपत्याला 1979 साली मॅगसेसे पुरस्कार व 1990 साली पद्मभूषण मिळाले. मेबल यांनी नंतर युनिसेफच्या दक्षिण आशियातील कामातही आरोग्य सल्लागार म्हणून भाग घेतला. 1999 साली त्यांचे निधन झाले. 2011 साली डॉ. रजनीकांतही गेले.

जामखेडचा आराखडा सरकारने उचलला, पण त्याचा आत्मा उचलला काय? 1977 च्या केंद्रीय योजनेत आरोग्यरक्षक म्हणून बहुतांशी पुरुषच निवडले गेले आणि ती योजना कालांतराने रोडावली. 2005 साली ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा सेविका आल्या. स्त्रीच्या हाती काम दिले, ही गोष्ट योग्यच झाली. परंतु त्यांना वेतन न देता प्रत्येक कामामागे मोबदला द्यावयाचा आणि नोंदवह्यांचे ओझे मात्र वाढवीत न्यावयाचे, हे धोरण कोणत्या न्यायाचे? 2023 साली महाराष्ट्रातील आशांना मानधनासाठी संपावर जावे लागले, ही घटना पुरेशी बोलकी आहे.

गावची स्त्री स्वस्तात मिळते म्हणून जामखेडने तिला निवडले नव्हते. ती गावची आहे, शिकू शकते आणि गाव तिच्यावर विश्वास ठेवते, म्हणून निवडले होते. या दोन भूमिकांत जो भेद आहे, तोच खर्चातील काटकसर आणि माणसांतील गुंतवणूक यांमधील भेद आहे. जमीन वाटली तर वाटणाऱ्याची कमी होते. ज्ञानाचे तसे नाही. टंचाईचा सिद्धांत जेथे लागू पडत नाही अशी ही एक वस्तू मेबल आरोळे यांनी हात न आखडता वाटली. त्यांच्या स्मृतीला अभिवादन करावयाचे असेल, तर आपल्या गल्लीत येणाऱ्या आशाताईला स्थिर वेतन, सततचे शिक्षण आणि मान मिळावा यासाठी आग्रह धरणे, हेच त्याचे उचित रूप ठरेल.