विश्लेषण : अँटेनाच्या तारेवरचे प्लास्टिक आणि ऑलिव्हर हेव्हिसाइड, काय आहे संबंध?

औरंगपुऱ्यातून घरगुती फिटिंगची पीव्हीसी वायर आणून ७.१ मेगाहर्ट्झचा हॅम रेडिओ अँटेना बांधला (लायसन्स काढूनच, अर्थात!), तर सॉफ्टवेअरने सांगितलेली सुमारे २० मीटर लांबी जास्त भरते. प्लास्टिकच्या आवरणामुळे तारेवरची लहर सावकाश जाते. त्यामुळे तार साधारण २ ते ५ टक्के, म्हणजे ४० सेंटीमीटर ते १ मीटर कापावी लागते. एनईसी-२ हे मोफत इंजिन मात्र तार उघडीच समजते. त्याला फसवायची युक्ती म्हणजे तारेच्या पूर्ण लांबीवर थोडे जादा इंडक्टन्स पसरून द्यायचे. लांबीवर पसरलेल्या या इंडक्टन्सचे मोल ओळखणारा माणूस होता ऑलिव्हर हेव्हिसाइड.

जन्म १८५० चा, लंडनमधल्या गरीब घरातला. लहानपणी स्कार्लेट फीव्हर झाला आणि ऐकू कमी येऊ लागले. शाळा सोळाव्या वर्षी सुटली, कॉलेज पाहिलेच नाही. १८६८ मध्ये ते डेन्मार्कला तार कंपनीच्या कामावर लागले, पुढे न्यूकॅसलला आले. तो काळच समुद्री केबलचा होता. १८७० मध्ये मुंबईही अशाच केबलने सुएझशी जोडली गेली. तांब्यावर गटापर्चाचे आवरण असायचे, पण दूरवर संदेश पसरट होऊन पोहोचायचा.

१८७४ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी त्यांनी नोकरी सोडली ती कायमची. घरी बसून मॅक्सवेलचा ग्रंथ वाचला. मॅक्सवेलची आज इंजिनिअरिंगला शिकवतात ती चार समीकरणांची मांडणी मुख्यतः हेव्हिसाइड यांची. (आम्ही ती पाठ केली, नाव मात्र कधी ऐकले नाही.) ऊर्जा तारेच्या पोटातून नव्हे, तर भोवतालच्या क्षेत्रातून वाहते, हे त्यांनी दाखवले. मग आवरण महत्त्वाचे ठरणारच.

१८८७ मध्ये त्यांनी सांगितले की लाइनमध्ये इंडक्टन्स वाढवा, आवाज विकृत होणार नाही. ब्रिटिश टपाल खात्याचे वीजतज्ज्ञ विल्यम प्रीस यांचे मत नेमके उलटे होते. भाऊ आर्थर यांच्यासोबतचा हेव्हिसाइड यांचा लेख त्यांनी अडवला. हेव्हिसाइड यांनी पेटंट घेतले नव्हते. १९०० मध्ये अमेरिकेत ते मायकेल प्युपिन यांना मिळाले आणि पैसाही त्यांनाच.

हेव्हिसाइड १९२५ मध्ये टॉर्कीला वारले. आता एनईसी-४ मध्ये आवरणाची जाडी आणि डायइलेक्ट्रिक स्थिरांक थेट भरता येतो, पण त्याला लायसन्स लागते. एनईसी-२ वाले अजूनही ‘एलडी’ कार्डात दर मीटरला किती हेन्री, एवढेच लिहितात.